दिवसाआड पाणी, पावसाळा आणि कापडी लंगोट: भोसरीतल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

कापडी लंगोट स्वस्त पडतात, असं आपण सगळेच सांगतो. पण कुणाच्या घरात स्वस्त पडतात, पाण्याची काय सोय असल्यावर पडतात आणि ते धुणारे हात कुणाचे, हे सांगायचं राहून जातं. मी वस्त्यांमध्ये बाळंतिणींच्या घरी भेटी देते. त्या भेटींत जवळून पाहिलेलं एक प्रकरण इथे मांडते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे त्या घराचे, त्या वेळचे आहेत. तुमच्या घरी ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पार्श्वभूमी

नवरा-बायको आणि त्यांची पहिली मुलगी, एवढंच कुटुंब. वडील भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कंत्राटी हेल्पर. हातात महिना साधारण १६,००० रुपये येतात. खोलीभाडं ४,५००, वीजबिल वेगळं आणि घरमालक युनिटमागे १२ रुपये घेतो. त्यात शिलाई मशीनचा हप्ता. आई बाळंतपणाआधी घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-बिडिंग करायची. ते काम नंतर पुन्हा धरायचं ठरलेलं होतं.

खोली एकच, आत छोटी मोरी. संडास चाळीचा, सामाईक. खिडकी गल्लीकडे उघडते आणि समोरची भिंत हाताच्या अंतरावर, त्यामुळे ऊन आत येत नाही. कपडे वाळत घालायला दारासमोर एक दोरी. तिच्यावर शेजारणीचाही हक्क.

पहिलं बाळंतपण माहेरी, कराडजवळच्या गावी, मार्चच्या मध्यावर झालं. तिथे विकतच्या डायपरचा विषयच निघाला नाही. पणजीची दोन सुती लुगडी फाडून बाळोती केली होती. अंगण मोठं, नळाला रोज पाणी, एप्रिलचं ऊन. सकाळी धुतलेलं बाळोतं तासाभरात कडकडीत वाळायचं. धुणं आजी आणि मामी वाटून घ्यायच्या. सव्वा महिना तर बाळंतिणीला गार पाण्यात हात घालू दिला नव्हता आणि नंतरही तिच्या हातात बाळोत्यांची बादली कुणी दिली नाही.

पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे. लंगोटांचा खर्च शून्य आणि त्रासही शून्य, असा अनुभव घेऊन ही आई जूनमध्ये भोसरीला परतली. सोबतच्या गाठोड्यात वीस-बावीस बाळोती, सहा शिवलेले, नाडी बांधायचे लंगोट, दुपटी आणि मेणकापडाचे दोन तुकडे होते. कष्ट झाले होतेच. ते दोन बायकांत वाटले गेल्यामुळे तिला दिसले नव्हते.

अडचण

भोसरीसह सगळ्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. या चाळीत ते पहाटे साडेचारच्या सुमाराला येतं आणि तास-दीड तास टिकतं. घरात २०० लिटरचं एक पिंप, दोन हंडे आणि तीन बादल्या. हे पाणी दोन दिवस पुरवायचं.

साडेतीन महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ. ओलं झालं की बदलायचं म्हटलं तर दिवस-रात्र मिळून पंधराच्या आसपास बाळोती लागायची. तेवढी नीट धुवायची तर मळ काढायला एक, साबणाला एक आणि खळबळायला दोन अशा चार बादल्या, म्हणजे साठ लिटरच्या आसपास पाणी. दोन दिवसांचे झाले १२०. पिंपातलं निम्म्याहून जास्त पाणी बाळोत्यांनाच गेलं, तर स्वयंपाक, आंघोळी आणि भांडी कशावर भागवायची?

त्यातच पाऊस लागला. दाराबाहेरची दोरी निरुपयोगी झाली. आतल्या दोरीवरची बाळोती दोन दिवस झाले तरी दमट राहायची, हाताला गार लागायची आणि त्यांना कुबट वास यायचा. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी घरात कोरडं म्हणावं असं एकही बाळोतं उरलं नाही. वडिलांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच डायपरचं पाकीट आणलं.

पाकीट ६५ रुपयांचं, म्हणजे नग १३ रुपयांना. मोठ्या पाकिटात तोच डायपर १० रुपयांच्या आसपास पडतो, पण त्यासाठी एकदम सहा-सातशे रुपये काढावे लागतात. महिनाअखेरीला ते नसतात. हातावर पोट असलेल्या घरात प्रत्येक वस्तू अशीच महाग पडते. तेल, साबण आणि डायपरही.

मग काटकसर सुरू झाली, आणि नुकसान त्या काटकसरीने केलं. डायपरच्या आत पाणी शोषून जेलसारखं होणारं रसायन असतं, त्यामुळे तो वरून कोरडा भासतो. सात-आठ तास तोच ठेवला तरी बाळ ओलं वाटत नाही. दिवसाला तीन डायपरांत भागवायचं, असं घरात ठरून गेलं. आठवड्याभरात मुलीच्या जांघा लाल झाल्या. चौदाव्या आठवड्याचं इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी लंगोट सोडून पाहिलं आणि लगेच डॉक्टरांकडे पाठवलं.

आधी पुरळ

मी पहिल्यांदा घरी गेले ती या टप्प्यावर. गावाहून सासूबाईही आल्या होत्या. नात रात्रभर रडते म्हटल्यावर त्यांना तिथे राहवलं नव्हतं.

डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग सांगितला होता. नुसत्या ओलीने आलेली लाली सहसा कापड घासतं त्या उंचवट्यांवर असते, घड्या बऱ्याचदा सुटतात. इथे जांघेच्या घडीत आतपर्यंत लाली होती आणि कडेने बारीक लाल ठिपके सुटे पसरलेले होते. लावायचं मलम दिलं होतं आणि जमेल तेवढा वेळ बाळ उघडं ठेवायला सांगितलं होतं.

घरात दोन गोष्टींवरून ओढाताण चालू होती. पहिली पावडरची. "अगं, भरपूर पावडर लाव, कोरडं राहील," असं सासूबाईंचं म्हणणं. ओल्या घडीत पावडरीचे गोळे होतात, ते घासतात आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासात जाते, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते मानलं. खोबरेल तेलाचं मात्र त्या धरून बसल्या. मलम चालू असेपर्यंत तरी त्यावर दुसरं काही नको, एवढ्यावर आम्ही थांबलो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. "पोरगी उपाशी राहते, म्हणून रडते. वरचं दूध सुरू कर," असं त्या सुनेला सांगत होत्या. सूनही डळमळली होती. "आई म्हणतात ते खरं असेल का हो ताई? दूध कमीच आलंय का मला?" पावडरच्या दुधाचा डबा कितीला येतो, याची चौकशी वडिलांनी करूनही ठेवली होती.

इथे कापडाचा उपयोग झाला. जन्मानंतरचा पहिला आठवडा सरला, की चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा बाळ चांगलं ओलं करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे असं धरतात. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, कारण तीनदाची शू एकातच जिरते. पुरळासाठी डायपर बंदच ठेवायचा होता. तेव्हा आजींनाच सांगितलं, उद्या सकाळपर्यंत ओली बाळोती मोजा. संख्या दहाच्या वर गेली. लसीकरणाच्या कार्डावरचं वजनही ठीक वाढलेलं होतं. रडणं आगीचं होतं, भुकेचं नव्हतं. डब्याचा विषय मिटला. महिन्याचा केवढा मोठा खर्च त्या दिवशी वाचला आणि आईचं दूध टिकलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

समोर असलेले पर्याय

पुरळ बसत आल्यावर पुढे काय, यावर घरात बरीच चर्चा झाली.

सगळं विकतचंच वापरायचं आणि नीट, वेळेवर बदलायचं, तर दिवसाला सहा नग. मोठी पाकिटं आणली तरी महिना १,८०० रुपये. मशीनचा हप्ता थकवल्याशिवाय ते शक्य नव्हतं.

आईच्या मनात तयार कापडी डायपर होते. बटणांचे, आत घालायच्या जाड घडीसह मिळणारे. तिने मोबाइलवर पाहिले होते. चांगल्यापैकी एक नग ३०० रुपयांना, बारा घ्यायचे तर ३,६०० रुपये. भिशीचे पैसे श्रावणात मिळणार होते, ते यात घालायचा तिचा विचार होता. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. त्यातला २,००० रुपयांचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर येतो. त्याचा अर्ज नुकताच भरला होता, म्हणून ते पैसे हिशेबात धरायचे नाहीत असं ठरलं. पैसे असते तरी या डायपरांबद्दल माझं मत वेगळंच होतं. त्यांची आतली घडी अनेक पदरांची, एकत्र शिवलेली असते. शोषते खूप, पण पावसाळ्यात त्या खोलीत ती दोन दिवसांत वाळली नसती. बारा नग घेऊनही पुन्हा कोरडं काही उरत नाही, अशीच वेळ आली असती.

तिसरा पर्याय दसऱ्यापर्यंत माहेरी परत जाण्याचा. सासूबाईंचाच तो सल्ला होता. आईने नकार दिला, कारण शिवणाची गिऱ्हाइकं तुटली असती. राखी-गणपतीच्या आधीचे आठवडे तिच्या कामाचे.

चौथा पर्याय आहे तेच साधं, एकपदरी कापड वाढवायचं आणि बाकीची व्यवस्था बदलायची. एकपदरी कापडाचा मोठा गुण हा, की घडी घातली की ते जाड होतं आणि उलगडून दोरीवर टाकलं की पातळ. शोषायला जाड, वाळायला पातळ. शिवलेल्या घडीला हे साधत नाही.

बाळोती किती लागतात याचा हिशेब

"वीस आहेत की, पुरतील," असं माहेरून निघताना सगळ्यांना वाटलं होतं. माहेरी ती पुरतच होती. भोसरीत का पुरली नाहीत, हे आम्ही वहीवर मांडलं.

दिवसाला लागणारी बाळोती एका बाजूला. दोन धुण्यांमधले दिवस आणि वाळायला लागणारे दिवस यांची बेरीज दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि वर थोडी जादा ठेवायची. माहेरी धुणं रोज आणि वाळणं तासाभरात, म्हणून पंधराच्या जागी वीस म्हणजे चैन होती. भोसरीत धुणं दिवसाआड, वाळायला दोन दिवस. पंधरा गुणिले चार, म्हणजे साठ.

साठ बाळोती जमवणं हा उपाय नव्हता. ती ठेवणार कुठे आणि एकदम तीस धुणार कोण? गुणाकारातला प्रत्येक आकडा थोडाथोडा खाली आणायचा, असं ठरलं.

काय केलं

रात्रीचा एक डायपर विकतचा. रात्री दहाला घालायचा, पहाटे काढायचा, मध्ये शी झाली तर लगेच बदलायचा. त्यामुळे तीन-चार बाळोती कमी झाली आणि आईला सलग झोप मिळू लागली. सासूबाईंनी एक जुनी सवय परत आणली. झोपून उठल्यावर आणि पाजल्यावर बाळाला पायांवर धरून "शूऽऽ शूऽऽ" करायचं. दर वेळी साधत नसे, पण दिवसातून दोन-तीनदा साधायचं. पंधरावरून आकडा दहाच्या आसपास आला.

वाळण्याच्या दिवसांचं उत्तर शेजारच्या खोलीत होतं. तिथल्या काकूंकडे दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, धुण्याचा टब वेगळा आणि पिळून काढायचा वेगळा. हाताने कितीही पिळलं तरी कापडात बरंच पाणी राहतं. तो टब चार-पाच मिनिटांत त्यातलं बहुतेक काढून टाकतो. विचारायला आई लाजत होती. शी-शूची कापडं दुसऱ्याच्या मशीनमध्ये कशी घालायची? शेवटी सासूबाईच गेल्या. "धुऊन, स्वच्छ करून आणते हो, नुसती पिळायला," म्हणाल्या. काकूंनी पैसे नको म्हटलं, पण तसं बरं दिसत नाही म्हणून त्यांच्या साड्यांना फॉल लावून द्यायचं ठरलं. पिळून आलेली बाळोती पंख्याखालच्या दोरीवर, एकावर एक न टाकता पसरली की रात्रीतून वाळू लागली. शेवटची ओल इस्त्रीने काढायची. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट जातं, म्हणून ती फक्त जांघेत येणाऱ्या भागावर.

माहेरच्या रीतीप्रमाणे शेगडीवर टोपली पालथी घालून बाळोती शेकवायची सूचनाही आली होती. अंगणात किंवा मोकळ्या पडवीत ते ठीक आहे. खिडकी लावलेल्या एका खोलीत पेटता कोळसा ठेवणं जिवावर बेतू शकतं. तो धूर नुसता डोळ्यांना झोंबतो असं नाही, त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. याला मी साफ नाही म्हटलं.

आता गणित दहा गुणिले तीन, म्हणजे तीस, आणि वर पाच-सहा. होती वीस-बावीस. वडिलांनी पिंपरी कॅम्पातून दहा मीटर मांजरपाट आणला, ६०० रुपयांचा. त्याचे अकरा चौकोन झाले. वरून घालायची, पाणी न झिरपणारी तीन कव्हरं २०० रुपयांप्रमाणे घेतली. एकूण १,२०० रुपये, ते मामाकडून उसने घेतले आणि भिशीतून फेडले.

मांजरपाटाने मात्र पहिले दहा-बारा दिवस सगळ्यांना निराश केलं. नव्या सुती कापडात खळ असते, धाग्यात नैसर्गिक मेण असतं. शू शोषली न जाता वरून ओघळायची. चार-पाच वेळा गरम पाण्यात धुतल्यावर ते कामाचं झालं आणि तोवर आटून लहानही झालं. जुनेराची सर त्याला आलीच नाही. पण जुनेर आणायचं कुठून, हा आजचा खरा प्रश्न आहे. पणजी सुती लुगडं नेसायची. आजी आणि आई नेसतात त्या साड्यांमध्ये सूत नावालाही नाही. जुनी साडी फाडून लंगोट कर, असं सांगणाऱ्यांनी आधी त्या साडीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब घरंगळला तर ती साडी बाळाच्या कामाची नाही. या घराला शेवटी उपयोगी पडले वडिलांचे जुने होजियरी टीशर्ट आणि आजोबांचे दोन पंचे.

धुण्याची पद्धत बदलली ती अशी. आधी सगळी बाळोती पाण्याच्या बादलीत भिजत पडायची. दिवसाआडच्या पाण्यात ती भिजवणी दोन दिवस राहायची, वास मारायची, आणि पाण्याने भरलेली उघडी बादली रांगू लागणाऱ्या बाळासाठी धोक्याची. आता शूचं बाळोतं मगभर पाण्यात एकदा खळबळून, पिळून, मोरीतल्या दांडीवर टाकायचं. शीचं लगेच धुवायचं, ते पाणी संडासात ओतायचं आणि हात साबणाने धुवायचे. लहान बाळाची शी निर्मळ असते असं घरोघरी मानतात, पण रोग तिच्यातूनही पसरतात. साबणाचं मोठं धुणं पाण्याच्या दिवशीच. पावडर आधीच्या निम्मी, कारण कमी पाण्यात जादा पावडर निघत नाही, कापडात राहते आणि कातडीला लागते. खळबळताना जंतुनाशकाचं झाकण ओतणं आणि कापड मऊ करणारं औषध घालणं, दोन्ही बंद केलं. त्या औषधाचा थर धाग्यावर बसला की कापड शोषतच नाही. पुरळ पुरता जाईपर्यंत मात्र बाळोती उकळत्या पाण्यातून काढली.

रात्रीच्या डायपरची विल्हेवाटही ठरवून घेतली. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार तो गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा होता. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिलांनी अशा पुडीवर लाल ठिपका करण्याची खूण रुजवली आहे. या घरानेही तीच धरली. नुसती पुडी दिसली तर कुणीतरी ती हाताने उघडतं.

निर्णयाची अवघड जागा: धुणार कोण

वरचं सगळं आठवड्याभरात ठरलं. यावर महिना गेला.

पाणी पहाटे साडेचारला. आई त्या वेळी बाळाला पाजत असते. पहिल्या पाळीला जाणारे वडील साडेसहाला निघतात. म्हणजे पाण्याच्या दिवशी पिंप भरणं आणि बाळोत्यांचं मोठं धुणं वडिलांनी करावं, हे उघड होतं. सासूबाईंना ते पटेना. "पोरगा दिवसभर लोखंड उचलतो, त्याच्या हातात बाळोती देता?" चाळीतल्या बायका बघतात, हेही त्यात होतंच. वडील स्वतः काही बोलले नाहीत. सासूबाईंचं वय आणि त्यांची कंबर पाहता त्या किती दिवस हे ओढणार, हा प्रश्न मी त्यांच्यासमोरच विचारला. त्या गणपतीनंतर गावी परत जाणार होत्या. गेल्यावर काय?

तोडगा असा निघाला, की साबण लावून घासणं आई किंवा आजी करेल, आणि खळबळणं, पिळणं, शेजारच्या मशीनपर्यंत नेणं-आणणं वडील करतील. पुढे रात्रपाळीच्या आठवड्यात ते मोडायचं. त्या आठवड्यात विकतचे डायपर जास्त लागायचे. हे कुणाचं अपयश आहे असं न मानता त्या आठवड्याचा खर्चच वाढवून धरायचा, असं ठरलं तेव्हा घरातली चिडचिड कमी झाली.

निष्पत्ती

पुरळ दोन आठवड्यांत गेला आणि पावसाळाभर परत आला नाही. ऑगस्टअखेर महिन्याचा खर्च असा बसला: मोठ्या पाकिटातले साधारण चाळीस डायपर ४०० रुपये, साबण-पावडर १२०, इस्त्री-पंख्याची जादा वीज १०० च्या आसपास. म्हणजे ६२० रुपये. सगळं विकतचं घेतलं असतं तर १,८००. जवळजवळ १,२०० रुपयांची बचत.

ही बचत फुकट झाली नाही, हे मला ठळकपणे सांगायचं आहे. बाळोत्यांचं धुणं, पिळणं, वाळवणं, घड्या घालणं यात घरच्यांचा मिळून रोज सव्वा-दीड तास जात होता, त्यातला बराचसा आईचा. महिन्याचे चाळीसेक तास. बचतीला त्यांनी भागलं तर तासाला तीस रुपयांच्या आत पडतात. एका साडीच्या फॉल-बिडिंगचे ८० रुपये मिळतात आणि वेळ जातो तास-दीड तास. हातात काम नसेल त्या दिवशी कापड फायद्याचं आहे. साड्यांचा ढीग पडलेला असेल त्या दिवशी बाळोती धुणं तोट्याचं आहे.

हा हिशेब आईनेच एक दिवस मांडला आणि स्वतःच नियम केला. काम भरपूर असेल त्या दिवशी दिवसाही विकतचा डायपर, पण दर तीन-साडेतीन तासांनी बदलायचा. राखीच्या आठवड्यात तिने तसंच केलं. सासूबाईंना ही उधळपट्टी वाटली. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. काटकसर म्हणजे बाईने जास्त राबणं, हे समीकरण तिने नाकारलं आणि त्यासाठी आकडे पुढे ठेवले.

ऑक्टोबरच्या उन्हात दारासमोरची दोरी पुन्हा कामाला आली. बाळोती दोन-तीन तासांत वाळू लागली, शेजारचा टब क्वचितच लागला. मुलीचं वरचं खाणं सुरू झाल्यावर शी घट्ट झाली, तिचा वास आणि डाग वाढले. तेव्हा जुन्या मलमलीच्या पट्ट्या बाळोत्यावर अंथरायला सुरुवात केली. शी पट्टीवरच राहते, संडासात झटकता येते आणि खालचं बाळोतं वाचतं. कव्हरांपैकी एक मांडीला काचू लागल्यावर बाद झालं, दोन टिकली. गणपतीत एसटीने गावी जाताना आणि आजारपणात सगळं विकतचंच वापरलं.

वेगळं काय करता आलं असतं

माहेरी असतानाच आईने शेवटचे पंधरा दिवस स्वतः बाळोती धुऊन पाहायला हवी होती, किंवा निदान किती पाणी आणि किती वेळ लागतो हे जवळ बसून बघायला हवं होतं. परत येण्याचा महिना ठरवताना पावसाळा आणि दिवसाआडचं पाणी यांचा विचार कुणीच केला नाही. बारसं, मुहूर्त, जावयाची रजा एवढंच पाहिलं गेलं.

मांजरपाटाचे ६०० रुपये वाचवता आले असते. नातेवाइकांकडून जुने पंचे, धोतरं, होजियरी कपडे आणि सुती चादरी आधी मागवल्या असत्या तर नवं कापड लागलं नसतं. घ्यायचंच होतं तर ते बाळंतपणाआधी घेऊन, वापरून, धुऊन जुनं करून ठेवायला हवं होतं.

पहिलं डायपरचं पाकीट आणलं तो निर्णय चुकीचा नव्हता. कोरडं कापड नसताना ओलं बाळोतं बांधण्यापेक्षा ते बरंच होतं. चुकलं ते सात-आठ तास ताणणं. गरोदरपणात, सातव्या महिन्यातल्या भेटीतच आईला कुणी सांगितलं असतं, की डायपर वापरायचा तर वेळेवर बदलता येईल एवढेच आणा आणि बाकी वेळ कापड किंवा नुसतं उघडं ठेवा, तर कदाचित पुरळ आलाच नसता. आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत घरी भेटी देतात. बाळ माहेरी असतं तेव्हा त्या भेटी तिथे होतात आणि सासरच्या खोलीत मोरी केवढी, दोरी कुठे, पाणी कधी येतं, हे त्यात कुणाला कळत नाही. आता मी गरोदरपणातच, बाळंतिणीच्या सासरच्या खोलीत जाऊन हे तीन प्रश्न विचारते आणि चौथा नवऱ्याला विचारते, की त्याची पाळी कितीची आहे.